फोटोच्या कडेला

पारनेर तालुक्यातल्या जुन्या घरांत, आढ्याच्या जरा खाली, काचेतल्या फोटोंची ओळ पुढे कलती करून लावलेली असते. देवांचे फोटो मधे, माणसांचे बाजूला. त्या माणसांच्या फोटोंत निदान एक तरी मुंबईत काढलेला असतो. अंगात कोट, डोक्यावर टोपी, एक हात खुर्चीच्या पाठीवर आणि मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा. पडद्यावर संगमरवरी जिना, फुलांच्या कुंड्या, लांबवर तळं. उभा असलेला माणूस गिरणीत साच्यावर काम करणारा, कुणाच्या तरी खोलीत पथारीपुरत्या जागेवर झोपणारा. फोटोत गिरणी दिसत नाही, खोली दिसत नाही, रस्तासुद्धा दिसत नाही. आपण मुंबईत आहोत आणि बरे आहोत, एवढं घरी कळवायला तो काढलेला, आणि नेमकी मुंबईच त्यात नाही.

आमच्या घरातला असा फोटो आजोबांचा. कॅमेरा घेऊन मुंबईला पुन्हा पुन्हा जावंसं मला का वाटतं, असं कुणी विचारलं तर मी त्या पडद्याकडे बोट दाखवतो. त्याच्यामागे काय होतं ते मला बघायचं असतं.

तालुक्याच्या गावी माझा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, दहावीच्या फॉर्मचे फोटो, म्हाताऱ्या माणसांचे मोठे करून घेतलेले फोटो, यावर तो चालतो. सुरुवातीला मुंबईला जाणं सामानासाठी व्हायचं. तेव्हा रोलचा जमाना. ऊटीच्या कारखान्यातले ‘इंदू’ रोल, ब्रोमाइडचा कागद, फ्लॅशचे सुटे भाग, सगळं बोरीबंदरसमोरच्या बोरा बाजारात मिळायचं. दुपारपर्यंत खरेदी उरकायची आणि रात्रीच्या एसटीपर्यंतचा वेळ हातात उरायचा. त्या वेळात मी करी रोडला उतरायचो, पुलावर उभा राहायचो आणि आजोबांनी सांगितलेल्या खुणा शोधायचो.

आजोबा मुंबईला का गेले, याचं उत्तर आमच्या जमिनीत आहे. पारनेरचा बराच भाग पठाराचा. सह्याद्री ओलांडून येईतो ढग रिते झालेले असतात. बाजरी, मटकी, हुलगा यांच्यावर घर चालायचं ते पाऊस वेळेवर पडला तर. रोहिणी कोरड्या गेल्या, मृगही कोरडा गेला, की घरातलं एक तरणं माणूस मुंबईची वाट धरायचं. वाटा दोन. एक टाकळी ढोकेश्वरावरून आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण. दुसरी सुप्याला नगर-पुणे रस्त्यावर येऊन शिरूरमार्गे पुण्याला आणि तिथून आगगाडीने दादरला. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एसटी नगरहून पुण्याला निघाली ती या दुसऱ्या वाटेने. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. ती गाडी बघायला सुप्याला माणसं नारळ घेऊन उभी होती आणि बायकांनी गाडी ओवाळली, असं आजोबा सांगायचे. ते त्या गर्दीत होते. पुढच्याच वर्षी ते त्या गाडीत होते, मांडीवर पत्र्याची पेटी आणि पेटीत बाजरीच्या भाकरी.

मुंबईत तोवर गिरण्यांना शंभर वर्षं होत आली होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला पहिली गिरणी सुरू झाली. शंभर वर्षांत लालबाग, परळ, चिंचपोकळी, डिलाईल रोड, वरळी असा सगळा पट्टा धुराड्यांनी भरला. आजोबा लोअर परळच्या एका गिरणीत बदली म्हणून लागले. बदली म्हणजे रोज सकाळी दारात उभं राहायचं. कुणी गैरहजर असेल तर जॉबर, म्हणजे मुकादम, आत घेणार, नसेल तर परत खोलीवर. खोली गावकीची. दहा बाय बाराच्या त्या खोलीत आमच्या आणि शेजारच्या दोन गावांची पंचवीसेक माणसं राहायची. सगळी एकदम घरी कधीच नसत, म्हणून जमायचं. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच्या जागी आडवा. पेट्या फळीवर, कपडे दोरीवर.

आजोबांचे धाकटे चुलतभाऊ, आमचे तात्या, हे सगळं आजही सांगतात. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, त्यांची उमेदीची वर्षं गेली. धोट्यांच्या खडखडाटात शेजारच्याचा शब्द ऐकू येत नसे. ओठ बघून बोलणं समजून घ्यायचं. नव्वदीला टेकलेले तात्या अजून समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघतात. एकदा बोलता बोलता ते म्हणाले, “आत ऊन कधी आलंच न्हाई बघ. पण उजेड कसा, सकाळपासून सांजपतोर येकसारखा.”

मी ते वाक्य घेऊन कित्येक दिवस फिरत होतो. नंतर एका बंद गिरणीच्या भिंतीवरून छप्पर दिसलं आणि उलगडलं. साचेखात्यांवर करवती छप्पर असायचं: एक बाजू उतरती आणि पत्र्याची, दुसरी उभी आणि काचेची. काचेची बाजू उत्तरेला. आपल्याकडे उत्तरेकडून बहुतेक वर्षभर ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. त्यामुळे सुताचा तुटका धागा दिवसभर सारखाच दिसतो, सावली फिरत नाही. विजेचे दिवे येण्याआधी चित्रकार आणि फोटोग्राफर आपल्या स्टुडिओची खिडकी याच कारणाने उत्तरेला ठेवत. माझ्या स्टुडिओची जागा घेताना मीसुद्धा उत्तरेच्या खिडकीसाठी अडून बसलो होतो. आमच्या घरातली तीन माणसं, आजोबा, तात्या आणि मी, एकाच दिशेच्या उजेडात राबलो हे मला तात्यांच्या त्या एका वाक्याने सांगितलं. त्यानंतर मुंबईत मी छपरं बघत हिंडू लागलो. जी उरली आहेत त्यांचे फोटो काढले. फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, तिथे धुराडं राखलंय, आणि येणारीजाणारी माणसं त्या धुराड्यासमोर स्वतःचे फोटो काढतात. छपराला असं कुणी राखत नाही. धुराडं लांबून दिसतं; छपराखाली काम केलेल्यालाच छपराचं मोल.

गिरणीच्या आतला, आमच्या गावातल्या एकाही माणसाचा फोटो मला सापडलेला नाही. कामगाराजवळ कॅमेरा नव्हता आणि दारावरच्या पहारेकऱ्याने तो आत जाऊ दिला नसता. १८५४ साली, म्हणजे ज्या साली दावरांनी गिरणीची कंपनी काढली त्याच साली, मुंबईत फोटोग्राफीची संस्थाही निघाली होती. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखी मराठी माणसं त्या सुरुवातीच्या काळात कॅमेरा चालवत होती. दोन्ही गोष्टी एकाच शहरात एकाच वयाच्या, तरी गिरणीतला माणूस आणि कॅमेरा यांची भेट व्हायला फार उशीर झाला. याची मला मनापासून हळहळ वाटते. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांबरोबर राहून, गटारात आणि कचऱ्याच्या गाड्यांवर जे फोटो काढले ते बघताना दर वेळी वाटतं, साचेखात्याला असा एक माणूस वेळेत मिळायला हवा होता.

मग मी जे उरलंय त्याचे फोटो काढतो आणि गावाकडे आणतो. इथून खरी गोष्ट सुरू होते.

फोटो मी मोबाइलवर दाखवत नाही. कागदावर छापून, ओसरीवर घोंगडं पसरून त्यावर मांडतो. तात्या येतात, आत्या येते, शेजारचे दोघंतिघं जुने मुंबईकर येतात. पहिल्यांदा असे फोटो मांडले तेव्हा मी मधोमध घेतलेल्या गोष्टींवर कुणाची नजर थांबेचना. गिरणीचं दार मी नीट मध्यावर घेतलेलं, वर कमान, दोन्हीकडे सारखी भिंत. तात्यांनी दाराकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचं बोट उजव्या कडेला गेलं. तिथे पानाच्या टपरीचा कोपरा आला होता. “हितं सोडावाटरवाला बसायचा. पलीकडं न्हावी. न्हाव्याच्या फळीवर संपाचे कागद वाचायचे.” दुसऱ्या फोटोत आत्याने खालच्या कडेची फरशी ओळखली. तिसऱ्यात कुणी तरी विचारलं, “ह्याच्या डाव्या अंगाला काय हाय? तेवढं का न्हाई घेतलं?”

तेव्हापासून माझी फोटो काढायची रीत बदलली. लग्नात आपण नवरा-नवरी मधे घेतो आणि कडा मोकळ्या ठेवतो. मुंबईत मी कडा भरून घेऊ लागलो: जिन्याची पहिली पायरी, मीटरची पेटी, गल्लीचं तोंड, शेजारच्या इमारतीचा कठडा. कामाला जाणारा माणूस दाराकडे बघत जात नाही, तो कडेच्या खुणांवरून वळतो. आणि एका फोटोवर बोलणं निघालं की त्यातून चार नव्या जागा निघतात, ज्या मी पाहिलेल्या नसतात. त्या जागा आणायला परत जावं लागतं. लोकांना वाटतं मला मुंबईचं वेड आहे. मुंबई मला आवडतेच. पण दर खेपेला मला तिकडे धाडतात ती ओसरीवरची माणसं.

यांतल्या प्रत्येकाचं शहर वेगळं आहे. आजीची मुंबई म्हणजे केईएमचा व्हरांडा. आजोबांना दम लागला तेव्हा ती महिनाभर तिथे राहिली. समुद्र तिने पाहिला नाही. औषधांचा वास आणि रात्री फरशीवर शेजारी झोपलेल्या सातारच्या बाईने दिलेली चटणी, एवढंच ती सांगायची. केईएम १९२६ साली सुरू झालं, टाटा हॉस्पिटल १९४१ साली, दोन्ही परळला. आणि आमच्या बाजूच्या शेकडो घरांना मुंबईची ओळख झाली ती या दोन दारांमधल्या फुटपाथवर. आमच्याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे लहानपणी मुंबईला गेले आणि दादरला फुलं विकत होते. आमच्या ओसरीवरही दादरच्या फूलबाजारात पहाटे टोपल्या उचललेला एक गडी आहे, आणि त्याची मुंबई सकाळी आठला संपते. अकोले-संगमनेरकडचे पाहुणे येतात त्यांची मुंबई डब्यांची. डबेवाल्यांत मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगावच्या बरोबरीने या दोन तालुक्यांतलीही घरं आहेत. त्याच अकोले तालुक्यातले दया पवार. धामणगावचं गावकुसाबाहेरचं घर आणि मुंबईतला कावाखाना, असं दोन्हीकडचं जिणं त्यांनी ‘बलुतं’मध्ये १९७८ साली मांडलं. ते वाचून मी कावाखान्याच्या शोधात नागपाड्याला जाऊन आलो. ज्यांना गावातही जागा नव्हती, त्यांची मुंबई आमच्या गावकीच्या खोलीतून दिसलेली नाही. आमच्या खोलीत कोण राहू शकत होतं आणि कोण नाही, हे मी तात्यांना विचारलं. बराच वेळ गप्प बसून ते म्हणाले, “त्यांची खोली येगळी व्हती.” बाकी कुणी काही बोललं नाही. हेही त्या फोटोंच्या कडेला असलेलंच आहे आणि ते मी लिहून ठेवलं आहे.

बाहत्तरच्या दुष्काळाने सगळ्यात जास्त माणसं मुंबईला नेली. इथे बायामाणसं खडी फोडत होती, सुकडी आणि तांबडी मिलो ज्वारी खात होती. तिकडे डिलाईल रोडला आत्याच्या दारात रोज गावचा कुणी तरी नवा पोरगा उभा. आत्या लग्न होऊन बीडीडी चाळीत गेली होती. या चाळी सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात बांधल्या: वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून दोनशेहून जास्त इमारती, तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्या खोलीत आत्याने खाणावळ चालवली. वीस-बावीस पोरांचं जेवण, पाळ्यांप्रमाणे तीन पंगती. गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरण्यांचा इतिहास साच्यांचा आणि संपांचा लिहिला जातो. माझ्या मते त्यातली निम्मी पानं तरी परातीची असायला हवीत.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आत्या सांगते, पहिले दोन महिने पोरं हसतखेळत जेवली. मग एकेकाचे पैसे थांबले. तिने कुणाला ताटावरून उठवलं नाही. वहीत लिहून घेत गेली. उन्हाळ्यात गावकीची खोली रिकामी व्हायला लागली. माणसं जत्रेला म्हणून गावी आली आणि राहिली. संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे तो कधी संपला हे आमच्या गावात प्रत्येक घर वेगळं सांगतं. आमच्याकडे तो आजोबांनी पेटी माळ्यावर ठेवली त्या दिवशी संपला.

आत्याची ती वही अजून आहे. कडा तेलकट, अक्षर तिच्या तेव्हा सातवीत असलेल्या मुलीचं. नाव, तारीख, किती वेळा जेवला. १९८२च्या पावसाळ्यानंतर नावं कमी होत जातात. काही नावांपुढे पुढच्या वर्षांत रेघ मारली आहे, म्हणजे पैसे आले. बऱ्याच नावांपुढे रेघ नाही. मी ती वही उत्तरेच्या खिडकीपाशी ठेवून पानापानाने उतरवून घेतली. मुंबईचे म्हणून मी जे फोटो काढले त्यांत मला हे सगळ्यात मोलाचे वाटतात, आणि ते काढले पारनेरात. गाव, आडनाव, रक्कम झाकूनच मी ती पानं दाखवतो; आत्याने तशी अट घातली आहे.

पुढे गिरणी कामगारांना घरं द्यायचं ठरलं. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा मागितला गेला आणि आमच्या भागातले माळे खाली आले. पत्र्याच्या पेट्या घेऊन माणसं स्टुडिओत यायला लागली: गिरणीचे पास, पगाराच्या चिठ्ठ्या, विम्याची कार्डं, सगळी वाळवी लागलेली किंवा घामाने पुसट झालेली. ती उजळून, मोठी करून द्यायची. त्या पासांवर पोस्टाच्या तिकिटाएवढे चेहरे होते. मागे पडदा नाही, कोट नाही. गिरणीनेच स्वतःच्या कामासाठी काढून घेतलेले ते फोटो, आणि काहींच्या घरी बापाचा तेवढा एकच. फॉर्मसाठी आलेला मुलगा वाट बघत बसायचा आणि मोठा केलेला चेहरा हातात आला की फॉर्म विसरायचा. २०१२ साली म्हाडाने पहिली सोडत काढली, ६,९२५ घरांची. अर्ज करणारे लाखांवर. आमच्या गावात त्या सोडतीचं घर आलं नाही, पण जवळपास प्रत्येक भिंतीवर एक नवा फोटो आला.

पॅरिसमध्ये अत्जे नावाचा फोटोग्राफर होता. सुमारे तीस वर्षं, १९२७ साली वारला तोवर, जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन तो पहाटे निघायचा आणि पाडलं जाणारं जुनं शहर टिपायचा: दुकानांच्या पाट्या, अंगणं, जिने, दारांच्या कड्या. त्याच्या फोटोंत माणसं थोडी. ते मी पुस्तकात बघतो तेव्हा मला त्याचा हेवा वाटत नाही, त्याच्या त्या गल्ल्यांतल्या म्हाताऱ्यांची आठवण येते. ते फोटो घोंगड्यावर मांडून, ‘डाव्या अंगाला काय होतं’ असं त्यांना कुणी विचारलं असेल का?

आमच्याकडे विचारायला माणसं अजून आहेत, पण चाळी चालल्या. बीडीडी चाळींच्या जागी मनोरे उभे राहताहेत. वरळीत ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या, १६०च्या जागी ५०० चौरस फुटांचं घर. त्या घरांत जाणाऱ्यांचा आनंद मी पाहिला आहे आणि तो खरा आहे. मजल्यावरच्या सामाईक संडासासमोर बादली घेऊन उभं राहण्यात राखण्यासारखं काही नव्हतं, असं आत्या ठणकावून सांगते. चाळ पाडू नये असं तिला वाटत नाही, मलाही वाटत नाही. पाडण्याआधी नीट बघून घ्यावी, इतकंच आमचं दोघांचं म्हणणं आहे.

गेल्या आठवड्यात तिच्यात आणि तात्यांच्यात जिन्यावरून वाद झाला. आत्या म्हणते, जिन्यातली जाळी मजल्यामजल्याला होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या जाळीतून रेल्वेचे रूळ दिसायचे; तात्या म्हणतात, रूळ गॅलरीतून दिसायचे, जाळीतून समोरची चाळ. दोघांनीही मला खात्रीने सांगितलं आहे. त्यांची ती चाळ पाडली आहे की उभी आहे ते गेल्यावरच कळेल. ती गेली असेल तर शेजारची तशीच बांधलेली असणार. आत्याने यादी दिली: जाळी आतून आणि बाहेरून, खोलीतली मोरी, दाराच्या वरची फळी, गॅलरीच्या टोकाचा नळ, आणि तळमजल्याच्या पायरीला पडलेला खळगा, जिथे ती मिरच्या कुटायची. तात्यांनी एकच सांगितलं, समोरचा रस्ता दोन्ही टोकांपर्यंत घे. रविवारच्या लग्नाचा अल्बम सोमवारी देतो आणि मंगळवारी सकाळच्या गाडीने माळशेजमार्गे निघतो.